माजी आमदार, स्पॅनिशच्या बाई

किस्से कुणी जमवत नाही. ते दोहातल्या धुळीसारखे असतात. खिडकी घट्ट लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, तरी सकाळी टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटतेच. आमच्या स्टाफरूमचंही तसंच होतं. वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं आम्ही सगळे इतके दमलेलो असायचो की मुद्दाम काही लक्षात ठेवायचं त्राणच नव्हतं. काल होता तो रस्ता आज बंद. त्यामुळे स्कूल बस उशिरा, त्यामुळे पहिला तास अर्धा, त्यामुळे पोर्शन मागे. माझा नवरा मेसईदला खताच्या कारखान्यात. कंपनीच्या बसमध्ये झोपून जायचा, झोपून यायचा. मी सातवी-आठवीला गणित शिकवायचे आणि घरी आल्यावर मुलाने काही विचारलं तर म्हणायचे, "उद्या."

तरीही आज चार माणसं जमली की गाडी फिरून फिरून मारिसोलवर येते. आमच्या शाळेत स्पॅनिश शिकवायला आलेली मेक्सिकन बाई. पन्नाशीची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची जाड वेणी. आवाज मात्र असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला उभं राहून ती नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाली तरी इकडच्या टोकाची मुलं रांगेत यायची.

*

ती आली त्या दिवशीचीच गोष्ट.

आमच्या प्रिन्सिपल मॅडम इंग्लंडच्या. नवीन शिक्षक आले की दरवर्षी एकच खेळ. नाव सांगा आणि स्वतःबद्दल काहीतरी गमतीचं सांगा. कुणी म्हणालं, मी केक करते. कुणी म्हणालं, माझ्याकडे दोन मांजरी आहेत. आम्ही जुने लोक मागच्या रांगेत डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.

मारिसोल उठली. "मी मारिसोल. मी आमदार होते."

मॅडमना वाटलं, बाईचं इंग्रजी कच्चं आहे. प्रेमाने म्हणाल्या, "म्हणजे लहानपणी तुम्हाला व्हायचं होतं का?"

"नाही. होते. माझ्या राज्याच्या विधानसभेत. लोकांनी निवडून दिलं आणि मग त्याच लोकांनी घरी पाठवलं."

मागच्या रांगेतले आम्ही सगळे खडबडून जागे झालो. माझ्या शेजारी आमचे फिजिक्सचे सावंत सर बसले होते. मालवणकडचे, अर्धं आयुष्य आखातात काढलेले. कशानेही न हलणारा माणूस! ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, आमच्याकडे मास्तराचो आमदार झालेलो बघितलो होतो. आमदाराचो मास्तर झालेलो आजच बघतंय!"

आणि गंमत म्हणजे मधल्या सुट्टीत ती त्यांच्याकडे गेली, हात पुढे केला आणि म्हणाली, "माएस्त्रो!" तिच्याकडे शिक्षकाला तसंच म्हणतात. सावंत सर दिवसभर खुशीत. "इतकी वर्षं सगळे सर, सर करतात. मास्तर म्हणणारी ही पहिलीच!"

*

ती आमदार झाली कशी, हे तिने मला बस-ड्युटीवर सांगितलं. बस-ड्युटी म्हणजे दुपारच्या उन्हात गेटवर उभं राहून मुलं मोजायची. त्या ड्युटीवर माणूस एक तर भांडतो, नाहीतर आयुष्य सांगतो.

तिची शाळा डोंगरात. एकच खोली, सगळ्या इयत्ता तिच्याकडे. मध्ये नदी. पावसाळ्यात पलीकडची मुलं महिनोन् महिने घरी. तिने पूल मागितला. अर्ज केले, खेटे घातले. ऑफिसात गेलं की साहेब जेवायला गेलेले. एका वर्षी ती कंटाळली. सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप घेऊन राजधानीला गेली आणि विधानसभेच्या पायऱ्यांवर शाळा भरवली. सकाळी प्रार्थना, मग पाढे, मग शुद्धलेखन. पोलीस आले की म्हणायची, "श्श, चाचणी चालू आहे."

पूल मंजूर झाला. गाव म्हणालं, आता तूच उभी राहा. राहिली आणि आली निवडून.

"पहिलं भाषण कसं झालं?" मी विचारलं.

"अगं, कोण ऐकतंय! कुणी फोनवर, कुणी गप्पा मारतंय, कुणी सॅंडविच खातंय. मी बोलतेय आणि कुणाचं लक्ष नाही. मग माझ्या हातून सवयीने झालं. दोन टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, हात डोक्यावर!"

"अय्या! मग?"

"मग काय! अर्ध्या सभागृहाने ठेवले." तिने एका मुलाची बॅग सरळ केली, त्याला बसमध्ये चढवलं आणि म्हणाली, "उरलेले अर्धे माझ्या विरोधात गेले ते कायमचे."

*

हरली कशी, हे मात्र तिने खूप दिवस सांगितलं नाही. एकदा सावंत सरांनीच विचारलं. काही आडपडदा नाही, चहा ओतता ओतता. "तू इतकं काम केलंस, मग पडलीस कशी?"

"पुलामुळे," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, पडला असेल पूल. तसं नव्हतं. पूल चांगला झाला, अजून भक्कम उभा आहे. पुलावरून बस आली. बसमधून आधी तरुण मुलं शहरात गेली कामाला. मग त्यांनी बायकांना नेलं, मग मुलांना. दोन-तीन वर्षांत शाळेत बाकं जास्त आणि मुलं कमी. सरकारने शाळा बंद केली. तिचीच शाळा! आणि ती तेव्हा सरकारी पक्षात. निवडणुकीला ती गावात गेली तर एका म्हातारीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"मुलांना इकडे येता यावं म्हणून मी पूल मागितला होता," ती म्हणाली. "त्याच पुलावरून पलीकडेही जाता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी म्हणे शिक्षिका!"

ती हसली. सावंत सर हसले नाहीत. त्यांच्या गावचा रस्ता होऊन बरीच वर्षं झाली होती. गावात आता त्यांची आई आणि शेजारची एक काकू, एवढीच माणसं. त्यांनी चहाचा कप विसळला आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेले. एरवी ते घंटेनंतर पाच मिनिटांनी उठायचे!

*

पालकसभेला मात्र ती हिरा होती.

पालकसभा म्हणजे आमच्यासाठी शिक्षा. प्रत्येकाला आपल्या मुलाचे दोन मार्क कुठे गेले ते हवं असतं. एकदा एक गृहस्थ तावातावाने तिच्या टेबलासमोर बसले. मुलगा स्पॅनिशमध्ये काठावर. मी शेजारच्या टेबलावर. माझे पालक संपले तरी त्यांचं बोलणं चालूच. मारिसोल पुढे वाकून ऐकतेय, मान हलवतेय आणि मधून मधून एकच शब्द म्हणतेय, "क्लारो. क्लारो." शेवटी गृहस्थ उठले, तिचे आभार मानले आणि जाताना मला सांगून गेले, "मॅडम फार समजूतदार आहेत!"

"मार्क वाढवलेस?" मी विचारलं.

"एकही नाही."

"मग क्लारो म्हणजे काय?"

"म्हणजे 'अर्थातच'. कशाला अर्थातच ते सांगायचं नसतं. आमचं अख्खं अधिवेशन या शब्दावर निघायचं."

सावंत सरांना हे औषध फार आवडलं. त्याच दिवशी घरी जाऊन प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आले. मी विचारलं, "काय झालं?"

"बायको बोलत होती, मी क्लारो, क्लारो करत होतो. पंधरा मिनिटं छान गेली. मग ती म्हणाली, ठरलं तर मग, तुमची बहीण नाही, माझी आई येतेय यंदा. तीन महिने!"

*

आता जरा न हसण्यासारखं.

वर्ल्ड कप जवळ यायला लागला तसं प्रत्येक शाळेला काहीतरी भव्य करायचं होतं. आमच्या मॅडमनी ठरवलं, पाचशे मुलं मैदानात उभी करायची आणि वरून फोटो काढायचा. मुलांचा मिळून एक मोठा फुटबॉल! प्रॅक्टिस सप्टेंबरात. इथला सप्टेंबर म्हणजे ओली घोंगडी पांघरून शेगडीसमोर उभं राहणं. पहिल्याच दिवशी सहावीची एक मुलगी मट्‌कन खाली बसली. दुसऱ्या दिवशी दोघांना उलट्या.

स्टाफरूममध्ये सगळे चिडलेले. पण बोलणार कोण? प्रत्येकाचा व्हिसा शाळेच्या हातात, प्रत्येकाचं घरभाडं, मुलांच्या फिया शाळेच्या पगारावर. मी मारिसोलकडे गेले. म्हटलं, "तू बोल. तुला सवय आहे."

तिने मान हलवली. "इथे मी पाहुणी आहे, वैशाली. आणि भाषणांचा मला कंटाळा आलाय. भाषण केलं की समोरचा हट्टाला पेटतो, एवढं मी शिकलेय."

मला राग आला. वाटलं, हीसुद्धा इतरांसारखीच.

तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिस सुरू झाली आणि मारिसोल मॅडमच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "मॅडम, फॉर्मेशन अपुरं वाटतंय. बॉलच्या बरोबर मध्ये शाळेच्या प्रमुख हव्यात. तुमच्याशिवाय फोटोला अर्थ नाही." मॅडम खुलल्या. कोट-बिट घालून मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. मारिसोल कडेला छत्रीखाली. "थोडं डावीकडे, मॅडम! छान! हलू नका, मुलं तुमच्याकडे पाहून उभी राहतात!" मग ड्रोनवाल्याची बॅटरी बदलायची होती. मग चौथीची रांग पुन्हा लावायची होती.

मॅडमचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. प्रॅक्टिस यापुढे इनडोअर हॉलमध्ये, एसीत. फोटो डिसेंबरात.

मी धावत तिच्याकडे गेले. "तू तर बोलणार नव्हतीस!"

"मी कुठे बोलले?" ती म्हणाली. "मी फक्त मान दिला."

*

एकदा दिवाळीत तिला मदिनत खलीफाला आमच्या घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी तिने दोन्ही हातांनी धरून खाल्ली आणि चकलीला "हे आमचंच आहे" म्हणाली. ते कसं काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा मुलगा तेव्हा नववीत. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. मी म्हणायचे, "पाणी आण," तो म्हणायचा, "इन अ मिनिट." नवरा म्हणायचा, "अरे, मराठीत बोल," तो म्हणायचा, "आय अ‍ॅम." आम्ही दोघंही त्यावर वाद घालायचं सोडून दिलं होतं. दमून आलेला माणूस भाषा वाचवत नाही, जेवून झोपतो.

मारिसोल हे बघत होती. मग तिने सांगितलं. तिची आई डोंगरातली वेगळीच भाषा बोलायची, स्पॅनिशशी काही संबंध नसलेली. विधानसभेत एक दिवस ती उठली आणि मुद्दाम त्या भाषेत बोलली. चांगलं पाच मिनिटं. सभागृहात कुणालाही एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कामकाजाचा छापील वृत्तांत आला. त्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं, "सन्माननीय सदस्या काहीतरी बोलल्या."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. मुलगा मात्र हसला नाही. ताटावरून मान वर करून त्याने विचारलं, "पण म्हणजे ती काय बोलली होती?"

मराठीत! आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मी पटकन तिला इंग्रजीत प्रश्न सांगितला.

"एवढंच म्हणाले होते की आमच्या गावात डॉक्टर पाठवा." तिने बोटांचं तूप पुसलं. "वृत्तांतात नाही, म्हणून डॉक्टरही नाही."

*

तिला परतीचा फोन आला तो मास्क लावून शिकवण्याच्या दिवसांत. पक्षाची माणसं होती. पुन्हा उभी राहा म्हणत होती. ती आमच्यासमोरच स्पीकरवर बोलली, स्पॅनिशमध्ये. आम्हाला फक्त "क्लारो" कळलं.

"तिकीट देतायत कारण जागा पडणारी आहे," फोन ठेवून ती म्हणाली. "निवडून येण्यासारखी असती तर कुणाच्या तरी जावयाला दिली असती." सावंत सर म्हणाले, "हे मात्र अगदी आमच्यासारखं!"

पण ते इतकं सोपं नव्हतं. ती दोहाला आली होती मुलीसाठी. मुलगी फिजिओथेरपिस्ट, उम्म सलाल मोहम्मदला राहायची, नुकतं बाळ झालेलं. मी एका शुक्रवारी तिकडे गेले तर घरात ताण. बाळ मारिसोलच्या खांद्यावर झोपलेलं, मुलगी समोर उभी. माझ्यासाठी म्हणून दोघी इंग्रजीत भांडत होत्या!

"मी लहान होते तेव्हा तू पायऱ्यांवर शाळा भरवत होतीस," मुलगी म्हणाली. "मोठी झाले तेव्हा तू अधिवेशनात. आत्ता कुठे मला आई मिळाली होती. आणि तू हरणार आहेस, आई. तुलाही माहितेय."

"हो."

"मग?"

मारिसोल बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तिथे उभं राहायला कुणीच नाही. हरायलासुद्धा माणूस लागतं."

मुलगी आत निघून गेली. मी चहा अर्धा ठेवून उठले. दारापर्यंत मारिसोल आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसायचे आणि त्या दिवसांत सगळ्यांचेच डोळे तसे दिसायचे.

निरोपाच्या दिवशी सावंत सरांनी शाल आणि श्रीफळ आणलं. नारळ सुपरमार्केटमधला, सोललेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मारिसोलने तो उलटसुलट करून पाहिला. "याचं काय करायचं?"

"फोडायचा."

"कुणाच्या डोक्यावर?"

सर म्हणाले, "ते निवडून आल्यावर ठरवा!"

आणि ती आली निवडून. अगदी थोडक्यात. मुलीने मला फोन करून सांगितलं. आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "आता बाळाला कोण बघणार?" आणि पुन्हा रडली.

*

शेवटचा किस्सा तिच्याच तोंडून ऐकलेला, व्हिडिओ कॉलवर. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरचं वर्ल्ड कपचं घड्याळ तेव्हा दिवस मोजत होतं आणि आम्ही सुट्टी कधी लागते ते मोजत होतो.

तिने विधानसभेत एक विधेयक आणलं. डोंगरातल्या शाळेवर नेमणूक झालेल्या शिक्षकाने त्याच गावात राहायचं. तिच्याकडे कित्येक शाळांत मास्तर मंगळवारी उगवायचे आणि गुरुवारी मावळायचे. मुलं बाकी दिवस खेळायची. शिक्षक भडकले. हे सगळे तिचेच लोक, तिच्याबरोबर मोर्चे काढलेले, तिच्यासाठी प्रचार केलेले. मतदानाच्या दिवशी हजारोंनी राजधानीला आले आणि विधानसभेला गराडा घातला. मागच्या दाराने आत जा, असं पोलिसांनी तिला सांगितलं.

ती पुढच्या दाराने गेली. एकटी.

बाहेर घोषणा चालू होती. ती घोषणा एके काळी तिनेच रचलेली. कुठल्याशा मंत्र्याविरुद्ध, 'खुर्ची सोड, खाली उतर' अशा अर्थाची. त्या मंत्र्याचं नाव काढून तिथे हिचं घातलं होतं, एवढाच फरक. हजारो माणसं तिच्या नावाने ओरडत होती आणि ती गर्दीतून चालत होती. लोक आपोआप बाजूला होत होते.

ती मेगाफोनवाल्यापाशी थांबली. तरुण शिक्षक होता. तिने हात पुढे केला. त्याने काय विचार केला कुणास ठाऊक, मेगाफोन देऊन टाकला.

सगळ्यांना वाटलं, आता ही समजावणार, नाहीतर माफी मागणार.

"चुकतंय," ती मेगाफोनमधून म्हणाली. "त्याचं नाव छोटं होतं. माझं लांब आहे. 'मारिसोल' म्हणू नका, ताल मोडतो. 'मारी' म्हणा. गावात मला सगळे मारीच म्हणतात. चला, माझ्या मागून."

आणि तिने म्हणून दाखवली. मारी, खुर्ची सोड! मारी, खाली उतर! पहिल्यांदा थोडेच बोलले. तिने पुन्हा म्हटली. दुसऱ्यांदा मागचेही बोलले. तिसऱ्यांदा सगळा चौक एका तालात.

तिने मेगाफोन परत दिला, त्या मुलाच्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेली.

सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या, तरी आवाज आत येत होता. अध्यक्षांनी मतदान पुकारलं. तिचं नाव आलं तसा तिने हात वर केला, विधेयकाच्या बाजूने. मग खाली बसली आणि शेजारच्या आमदाराला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "आता कसं बरोबर म्हणतायत!"